जुनी अल्टो: हँडब्रेक धरत नाही, मागचं डावं चाक आतून ओलं. शू बदलायचे की आणखी काही?

गाडी २००८ची अल्टो, लाख किलोमीटर कधीच पार. राहणं चिपळूणला, त्यामुळे पाऊस आणि कुंभार्ली घाट दोन्ही पाचवीला पुजलेले. पुढचे डिस्क पॅड गेल्या वर्षी बदललेत. मागचे ब्रेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, ब्रेक लावला की शू त्याला आतून दाबले जातात) गाडी माझ्या हातात आल्यापासून उघडलेले नाहीत, आधीच्या मालकाचं देव जाणे.

हँडब्रेक पार वरपर्यंत येतो, तरी घरासमोरच्या उतारावर गाडी सरकते. पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक. रात्रभर पावसात हँडब्रेक लावून ठेवली तर सकाळी निघताना मागून ‘कट्’ आवाज होऊन चाक सुटतं. आणि आता डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओला पट्टा दिसतोय.

एक गॅरेजवाला म्हणतो, हँडब्रेकची केबल ताणून देतो, काम झालं. दुसरा म्हणतो, शू, सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा), ड्रम सगळं नवीन टाका. पाना धरायची सवय आहे, ऑइल-फिल्टर घरीच करतो, पण ड्रम कधी उघडला नाही. स्वतः करावं का? आणि फक्त डावी बाजू केली तर चालेल?

जुनापाना: केबलला आत्ता हात लावू नका. दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं म्हणजे शू आणि ड्रममध्ये अंतर पडलंय. शू झिजले असतील नाहीतर आतला ऑटो-अ‍ॅडजस्टर (शू झिजतील तसं अंतर आपोआप भरून काढणारा भाग) जाम असेल. अशात केबल ताणली की शूवरचा लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, मग अ‍ॅडजस्टर काम करायचा बंद होतो. हँडब्रेक चार दिवस छान वाटेल, पेडल खोलच राहील. आधी शू, मग अंतर, केबल सगळ्यात शेवटी.

ओल कसली आहे ते बघा. बोटावर घेऊन पाण्याखाली धरा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून निघून जातं, बेअरिंगचं ग्रीस चिकटूनच राहतं. ब्रेक ऑइल निघालं तर दुरुस्ती होईपर्यंत घाट विसरा. गाडी चालवूच नका म्हणेन मी.

घाटमाथा: शू कायम दोन्ही चाकांचे एकदम. एकीकडे नवीन, एकीकडे जुना असला की ओल्या रस्त्यावर मागचा भाग एका अंगाला ओढतो. तेल प्यायलेला लायनर (शूवरचा ड्रमला घासणारा थर) पेट्रोलने धुऊन, घासून परत लावणारे महाभाग आहेत. गरम झाला की तेल पुन्हा बाहेर येतं.

स्वतः करणार असाल तर सपाट जागा हवी, आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर, कारण हँडब्रेक सोडावाच लागतो. नुसत्या जॅकवर काम नको, खाली स्टँड लावा. या गाडीत बेअरिंग ड्रममध्येच आहे, म्हणून मधली टोपी काढून नट खोलावा लागतो. तो ठेचून लॉक केलेला असतो, परत वापरू नका, नवीन आणा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. ड्रमच्या कडेला झिजून काठ तयार झाला असेल तर शू त्यात अडकतात आणि ड्रम निघत नाही. हातोडा उचलण्याआधी केबल ढिली करून बघा.

आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. एका वेळी एकच बाजू खोला. स्प्रिंग कुठली कुठे होती हे विसरलात की दुसऱ्या चाकात बघता येतं. ड्रम बाहेर असताना पेडलवर कुणी पाय ठेवला तर सिलिंडरचे पिस्टन बाहेर, तेव्हा मुलांना गाडीत बसू देऊ नका. ड्रम टाकायचा की नाही हे मापावर ठरवा. कमाल व्यास बहुतेक वेळा ड्रमवरच उठवलेला असतो.

(मूळ प्रश्नकर्ता): उघडलं. ओल पाण्याने धुतली गेली. डाव्या सिलिंडरचं रबर उचलल्याबरोबर तेल ओघळलं. तिथला पुढचा शू पार संपलेला, मागच्यावर अजून जाड लायनर. उजवीकडे कोरडं आहे, पण अ‍ॅडजस्टर गंजून बसलाय. ड्रम मापात आहेत. शूचा सेट आणि दोन्ही सिलिंडर आणले. अडचण एकच, डावा ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) गंजून घट्ट झालाय. जोर लावू का? तुटला तर?

जुनापाना: पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रमवर ओढला जातो, म्हणून तो आधी संपतो. त्यात बिघाड नाही.

निपल तुटू दे, तो सिलिंडरमध्येच असतो आणि सिलिंडर तर तुम्ही टाकूनच देताय. जपायचं ते सिलिंडरला येणाऱ्या ब्रेक पाइपच्या नटला. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, आणि नटाबरोबर पाइप पिळला तर तोही जातो. गंज सोडवायचं तेल रात्री मारून ठेवा, सकाळी फ्लेअर नट पान्याने (नटाला जवळपास सगळीकडून धरणारा पाना) हळू मागे-पुढे करत सोडवा. तिथलं तेल शूवर सांडू देऊ नका, नवीन शू सिलिंडर बसल्यावरच बाहेर काढा.