मदत हवी आहे: ‘पित्सो’ला, म्हणजे सिसिलीतील माफियाच्या वसुलीला, मराठी शब्द कोणता वापरावा?

सिसिलीतील पालेर्मो शहरात माफियाला खंडणी नाकारणाऱ्या दुकानदारांवर मी एक थरारकथा लिहीत आहे. कापड कारखानदार लिबेरो ग्रासी यांनी जानेवारी 1991 मध्ये खंडणीखोराला उद्देशून वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले आणि 29 ऑगस्टला घराजवळच त्यांची हत्या झाली; पुढे 2004 मध्ये काही तरुणांनी, खंडणी देणारा समाज स्वाभिमानशून्य असतो, अशा आशयाचे, काळ्या चौकटीतील निधनवार्तेसारखे दिसणारे कागद रातोरात शहरभर चिकटवले. माझी अडचण शब्दाची आहे. तिथे या वसुलीला ‘पित्सो’ म्हणतात आणि त्याचा संबंध पक्ष्याच्या चोचीशी जोडला जातो, म्हणजे चोच ओली करू देणे. ‘हप्ता’ लिहिले की थेट मुंबई डोळ्यांसमोर येते, तर ‘खंडणी’ फारच ऐतिहासिक वाटते. जाणकारांनी कृपया पर्याय सुचवावा.