वाईट बातमी आधी कुणाकडून कळावी?

गंगावेशकर
माझं म्हणणं सरळ आहे. देशात मोठी दुर्घटना झाली की पहिले काही तास ग्रुपवर आलेलं काहीही खरं धरू नये, आणि पुढं तर पाठवूच नये.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. पाठोपाठ काश्मीरच्या कुरणात नाचणाऱ्या एका जोडप्याचा व्हिडिओ देशभर फिरला, मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचे बायकोबरोबरचे शेवटचे क्षण म्हणून. तो दुसऱ्याच जोडप्याचा निघाला. त्या दोघांना कॅमेऱ्यापुढं येऊन ‘आम्ही जिवंत आहोत’ असं सांगावं लागलं. महाद्वार रोडला आमच्या दुकानात एक ताई तो बघून ढसाढसा रडल्या होत्या. त्यांचं रडणं खरं होतं, म्हणूनच मला त्या फसवणुकीचा जास्त राग येतो.

पूर्वी रेडिओवर बातमी लागायची, नाहीतर सकाळी ‘पुढारी’ हातात पडायचा. तोवर माणसं थांबायची. ते थांबणं चांगलं होतं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
दादा, व्हिडिओबद्दल शंभर टक्के मान्य. पण ‘थांबणं चांगलं होतं’ हे अजिबात नाही.

31 ऑक्टोबर 1984. इंदिरा गांधींवर सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या. त्या गेल्याचं बीबीसीनं दिवसाच सांगितलं, आकाशवाणीनं सांगितलं संध्याकाळी. आपल्याच पंतप्रधान गेल्या हे लंडनच्या रेडिओवरून कळावं? त्या दिवशी राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते, त्यांनीही ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावलं होतं. आमचे वडील सांगतात, बिंदू चौकात ज्याच्याकडं ट्रान्झिस्टर त्याच्याभोवती गर्दी, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी नवीनच काहीतरी सांगत यायचा. सरकार गप्प बसलं की लोक गप्प बसत नाहीत. अफवेला जागा कोण करून देतं, ते आधी बघा.

गंगावेशकर
सरकारनं दडवणं आणि आपण खात्री करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दुसरीबद्दल बोलतोय. आणि तातडीनं, नेमकं सांगता येतं. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली तेव्हा मारेकरी हिंदू आहे हे रेडिओवरून लगेच स्पष्ट केलं गेलं. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा तोवर उठली होतीच. ते एक वाक्य वेळेत गेलं नसतं तर देशभर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

जुना राजारामपुरीकर
ते वाक्य खरं होतं, वेळेत गेलं, आणि तरीही आपलं कोल्हापूर पेटलं. मारेकऱ्याचं नाव आणि जात कळल्यावर इथं ब्राह्मणांची घरं जाळली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. तिथं अफवा नव्हती, बातमी पक्की होती. त्यामुळं बातमी खरी असली की काम झालं, असं मानू नका. कळल्यावर पहिल्या तासात चौकात कोण काय बोलतं, तालमीतली जाणती माणसं पोरांना आवरतात की चिथावतात, त्यावर पुढचं ठरतं. जून 2023 मध्ये स्टेटसवरून शहरात दंगल झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. तेव्हाही हेच बघितलं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
काका, तुमचं खरं आहे, पण मग उपाय काय? लोकांना सांगायचंच नाही?

शिरोळची लेक
मी थोडं वेगळं बोलते. आमच्याकडं सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरात फौजी. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामाची बातमी आली तेव्हा माझा भाऊ सीआरपीएफमध्ये, जम्मूला. टीव्हीवर खाली नुसती पट्टी, ‘जवानांच्या ताफ्यावर हल्ला’. कुठली बटालियन, काही नाही. फोन लागेना. आईनं परातीत पीठ घेतलं होतं, त्यात पाणी घालायचं सुद्धा तिला सुधरेना. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आत कुणी येईना. रात्री त्याचा फोन आला, ‘बरा हाय’ एवढं बोलून ठेवला.

त्या ताफ्यात अडीच हजारांवर जवान होते. 40 गेले. बाकीच्या घरांनी ती संध्याकाळ कशी काढली असेल? म्हणून मला दोन गोष्टी वाटतात. कुठली तुकडी होती ते लवकर सांगा, म्हणजे इतर घरांचा जीव भांड्यात पडेल. आणि ज्यांचा माणूस गेला त्यांचं नाव घरी निरोप पोचेपर्यंत कुणीही टाकू नये, चॅनेलनं नाही आणि गावच्या ग्रुपनं तर नाहीच. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फोटो बायकोनं आधी मोबाईलवर बघावा, यापरतं वाईट काय?

गंगावेशकर
ताई, नावाबद्दल तुमच्या बाजूनं मी कुणाशीही भांडेन. पण तुकडी लगेच जाहीर करण्याला माझा विरोध आहे. 26/11 ला चॅनेलवाले कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होते आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सुप्रीम कोर्टानं 2012 च्या कसाब निकालात यावर कडक ताशेरे ओढले. 2015 ला नियमही झाला, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळानं माहिती देईल.

शिरोळची लेक
कारवाई चालू असताना नको, हे मलाही कळतं. पण पुलवामाला स्फोट होऊन गेला होता. त्यानंतर कुणापासून लपवायचं होतं? तुम्हाला बातमी पक्की हवी. ती पक्की होईपर्यंत इकडं फौजीच्या आईनं काय करायचं, हे तुमच्या नियमात कुठंच येत नाही.

शाहूपुरी तिसरी गल्ली
ताईंशी सहमत. घरच्यांसाठी वेगळा नंबर पाहिजे, आणि तो पहिल्या पट्टीबरोबरच टीव्हीवर यायला पाहिजे. विमान पडलं की विमान कंपनी नंबर देते, रेल्वे अपघात झाला की रेल्वे देते. जवानांच्या घरच्यांसाठी तसाच का नको?