कांजिण्या वाळत आल्यात, शाळेत कधी पाठवू? हजेरीच्या बिल्ल्यासाठी पोरगं रडायलंय

राजारामपुरीची_आई:
नमस्कार, जरा सल्ला पाहिजे होता. मुलगा दुसरीत आहे. गेल्या मंगळवारी पोटावर बारीक फोड दिसले, आदल्या दिवशी रंकाळ्यावर खेळून आलेला त्यामुळं आधी घामोळंच वाटलं, पण संध्याकाळी ताप चढला आणि डॉक्टरांनी बघताक्षणी कांजिण्या म्हणून सांगितलं. आज सातवा दिवस. ताप चौथ्या दिवशीच गेला, बाकी सगळ्या फोडांवर खपली धरलीय, फक्त पाठीवर दोन-तीन अजून ओले वाटायलेत.

अडचण अशी की शाळेत शंभर टक्के हजेरीवाल्या पोरांना वर्षाच्या शेवटी बिल्ला देतात, पहिलीत ह्याला मिळालेला, आता यंदाचा गेला म्हणून रोज रडारड. ऑफिसात नियम विचारला तर "बरं वाटलं की पाठवा, येताना सर्टिफिकेट आणा" एवढंच, बरं वाटलं म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगत नाही. सासूबाई म्हणतात देवीचं आहे, चारचौघांत बोलू नको, म्हणून वर्गाच्या ग्रुपवर पण टाकलेलं नाही. माझी रजा आज संपली. उद्या पाठवू का?

उचगावकर:
ताई उद्या नको ओ. ते दोन-तीन ओले आहेत तेच घात करतात. गेल्या वर्षी आमच्या पोरीला बाकावरच्या मैत्रिणीकडून आल्या, तिचं निस्तरतंय तोवर पंधरा दिवसांनी धाकट्याला, आणि मग मला. मोठ्या माणसाला लई जड जातं, आठवडाभर अंथरुणाला खिळून होतो. त्या मैत्रिणीच्या घरच्यांनी नुसतं कळवलं असतं तरी आम्ही धाकट्याला वेळेत डॉक्टरकडे नेलं असतं. ग्रुपवर नक्की टाका.

शिक्षिका_करवीर:
मी प्राथमिकला शिकवते म्हणून मनापासून लिहिते. एका खोलीत पंचेचाळीस पोरं, एका बाकावर तिघं. सकाळी तापाचं औषध पाजून पोर पाठवलं की अकरापर्यंत ते बरं असतं, नंतर औषध उतरतं आणि ते बाकावर डोकं टेकून बसतं. आईला फोन लावावा तर ती एमआयडीसीत शिफ्टला, आत फोन नेऊ देत नाहीत. मग मी कपाळावर ओली पट्टी ठेवून वर्ग चालवायचा. आयांचा मला राग येत नाही, त्यांची हजेरी बुडली की पगार कापला जातो, पण त्या पोराचे हाल बघवत नाहीत.

आता महत्त्वाचं. तुमच्या वर्गाच्या बाई गरोदर आहेत का ते आजच विचारा. मला सातवा महिना होता तेव्हा वर्गात दोघांना कांजिण्या झालेल्या आणि मला ते तेरा दिवसांनी कळलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, लहानपणी होऊन गेल्यात हे रिपोर्टात निघालं म्हणून सुटले, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी जेवले नाही. सासूबाईंना हे सांगा, देवीचा मान राखूनच सांगा, त्या ऐकतील.

आणि बिल्ल्याचं म्हणाल तर आमच्या शाळेत आम्ही मुख्याध्यापकांच्या मागं लागून आजारपणाची रजा त्यातून वगळायला लावली. पालकांची चिठ्ठी असली की ती गैरहजेरी मोजत नाहीत. तुम्ही पण लेखी अर्ज द्या. आजारी पोराला घरी ठेवलं म्हणून त्याचं बक्षीस काढून घेणं बरोबर नाही.

नर्स_मंगळवारपेठ:
लहान मुलांच्या ओपीडीत बारा वर्षं आहे. कांजिण्यांना हिशोब दिवसांचा नाही, खपल्यांचा. नवीन फोड यायचा थांबला आणि सगळ्यांवर खपली धरली की पाठवायचं, साधारण पाच-सात दिवस लागतात, कुणाला जास्त पण. खपल्या गळून पडायची वाट बघायची गरज नाही. लागण मात्र पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून होत असते, म्हणजे तुमचा मुलगा सोमवारी शाळेत गेला असेल तर सांगायलाच पाहिजे. समोरच्याला १० ते २१ दिवसांत कधीपण उठतात.

अॅस्पिरिन अजिबात नको, आयब्युप्रोफेनसुद्धा नको, ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. नखं कापा. कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालायची तर घाला, घासू नका. ताप परत चढला, फोड लालभडक होऊन पू धरला, पोर गुंगीत गेलं किंवा धाप लागली तर थांबू नका, तडक दवाखाना.

घरात कांजिण्या न झालेलं, लस न घेतलेलं मूल असेल तर संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळतो किंवा हलका जातो. ही लस सरकारी मोफत यादीत नाही, खाजगीत घ्यावी लागते, त्यामुळं पुष्कळ जणांची राहून जाते.

बाकी आजारांचं पण विचारतात म्हणून, साध्या तापाला औषध न देता २४ तास ताप नसला पाहिजे. जुलाब-उलटी थांबून दोन दिवस. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस घरी. उवांसाठी शाळा बुडवायची काही गरज नाही, पोरीला वर्गातून उठवून घरी धाडतात ते बघून जीव तुटतो.

राजारामपुरीची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. सोमवारी तो शाळेत गेलेला, म्हणून दुपारीच ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात दोघींचे फोन, त्यांच्या पोरांना पण उठल्यात आणि त्या पण गप्प होत्या. बाईंना वेगळा फोन केला, त्यांना तिसरा महिना लागलाय, घरात सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. लगेच डॉक्टरकडे निघाल्या. आता अर्ज लिहायला बसलेय. जाऊबाईंची मुलगी दीड वर्षाची आहे, परवा ती इथं येऊन गेली, तिच्या लसीचं कार्ड फोटो काढून पाठव म्हणून सांगितलंय.