डाळिंबावर फुलकिडे आलेत, निंबोळी अर्क की दशपर्णी? सल्ला हवाय

माळरान_मोहोळ
रामराम मंडळी. मोहोळ भागात दोन एकर भगवा जातीचं डाळिंब आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरलाय. कळी निघायला लागली आणि शेंड्यावर फुलकिडे दिसताहेत, कोवळी पानं आकसलीत. शेजारी तुरीचा पट्टा आहे, त्यावर अजून काही नाही. मधमाश्या चांगल्या फिरताहेत, म्हणून एवढ्यात जहाल औषध मारायचं नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), करंज तेल, तंबाखूचं पाणी, ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा. दुकानदाराचा सल्ला घेऊन झालाय!

कोरडवाहू
दादा, निंबोळी. आत्ता सडा पडतोय झाडाखाली, फुकटचा माल आहे. गर काढून बी सावलीत वाळवा, बुरशी आलेलं फेकून द्या, गोणपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की बुरशी लागते. वर्षाचं जुनं बी घेऊ नका, त्यात दम राहत नाही.
५ टक्के अर्कासाठी ५ किलो बियांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घालून एकूण १०० लिटर करायचं. दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल साफ करण्यातच दिवस जाईल. अर्क त्याच दिवशी संपवा.

पंढरीचा_पंप
दशपर्णी करा की ओ. फुलकिडे, अळी, तेल्या, सगळं थांबतं.

शिवार_ताई
तेल्याचं नाव यात घेऊ नका भाऊ. तो जिवाणूजन्य रोग आहे, पाल्याच्या अर्कानं जात नाही. त्यासाठी सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक बघा.
दशपर्णी वाईट नाही. पण पाला, शेण, गोमूत्र, मिरची, लसूण घालून महिनाभर कुजवायचं, आणि प्रत्येकाच्या ड्रममध्ये ताकद वेगळी. तुमची कळी महिनाभर थांबणार नाही. त्यात कण्हेर घालत असाल तर हातमोजे घाला, विषारी आहे.
तंबाखूचं पाणी तर नकोच. निकोटीन मधमाश्यांना मारतं आणि फवारणाऱ्याच्या कातडीतूनही आत जातं. वनस्पतीचं म्हणून निरुपद्रवी, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

माळरान_मोहोळ
ताई, मग निंबोळीच धरतो. पण शेजाऱ्यानं मागं मारली होती, दुसऱ्या दिवशी किडे जिवंतच. म्हणाला पैसे पाण्यात.

शिवार_ताई
दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधायचेच नाहीत. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिन या घटकामुळे किडीचं खाणं कमी होतं आणि पिल्लांची कात नीट पडत नाही. मोठ्या किडीवर फारसा जोर चालत नाही. म्हणून शेंडे झाडून पांढऱ्या कागदावर किडे मोजा, थोडे असतानाच मारा, आठवड्यानं पुन्हा मोजा. उशीर झाला की हे औषध तुमच्या कामाचं नाही, मग शिफारशीचं दुसरं काहीतरी घ्यावंच लागेल. निळे चिकट सापळेही लावा.
ऊन उतरल्यावर फवारा, कारण अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात.

कोरडवाहू
आणि पाणी! आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, आणि सामू (पीएच) जास्त असला की अझाडिरॅक्टिन लवकर फुटतं. शेततळ्याचं किंवा पावसाचं पाणी असेल तर तेच वापरा, नाहीतर सायट्रिक आम्ल टाकून सामू सहाच्या आसपास आणा. शेजाऱ्याला विचारा बरं, पाणी कुठलं होतं.

माळरान_मोहोळ
विचारलं. बोअरचंच, आणि फवारणी दुपारी बारा वाजता! बी पण मागच्या वर्षीचं.
नवीन बी वाळेपर्यंत एक फवारा दुकानातल्या नीम औषधाचा मारू का?

शिवार_ताई
हो. बाटलीवर पीपीएम, म्हणजे अझाडिरॅक्टिन किती आहे, ते बघा. १५०० आणि १०,००० यांचं प्रमाण एक नसतं, लेबलावर आहे तेवढंच घ्या, जास्त घातलं तर कोवळा शेंडा करपतो. आधी दोन-चार झाडांवर मारून बघा.
तुरीला आत्ता काही नको. कळी लागली की पहिला फवारा ५ टक्के निंबोळीचा, तेव्हा घाटेअळी अंड्यात किंवा बारीक असते. अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला पक्षीथांबे तेवढे आधीच रोवा.

माळरान_मोहोळ
उद्या पोरांना घेऊन निंबोळ्या वेचायला. शेततळ्यात पाणी आहे. फवारणीनंतरची मोजणी इथंच टाकतो.