जिन्याखालचा ठिपकेवाला

सी-१०४: जिन्याखाली मोठा काळा किडा बसलाय, अंगावर पांढरे ठिपके. झुरळच ना? फवारून घेऊ का?

ए-३०२: फवारू नका, शिकारी आहे, इतर किडे खातो. जमिनीवरचा भुंगेरा, अँथिया सेक्सगुट्टाटा. नावाला इमोजी नकोत, लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा, गुट्टा म्हणजे थेंब. डोक्यामागच्या ढालीवर दोन ठिपके, पाठीवर चार. मोजा.

सी-१०४: सहाच भरले. पण ठिपक्यांचं झुरळही असतं ना?

ए-३०२: असतं, थेरिया. ते लहान, गोलसर. डोकं ढालीखाली दडलेलं, पंख एकावर एक चढलेले. याची कवचं पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळतात आणि जबडा पुढे आलेला दिसतो. लांबी ४ सेंमीच्या आसपास. ते झुरळ याचंच सोंग घेतं असं मानतात.

बी-२०१: सोंग कशाला? खाली मुलं खेळतात, नीट सांगा.

ए-३०२: हा डिवचला की मागून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. त्यामुळे हाताने उचलायचा नाही, वाकून जवळून फोटो नाही. वरून डबा उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, कुंपणाकडच्या झुडपात सोडा. उडत नाही, पण पळतो जोरात. डोळ्यात उडालंच तर चोळू नका. वाहत्या पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

डी-४०३: नावापुढे (फॅब्रिशियस, १७७५) असं कंसात का लिहितात?

ए-३०२: फॅब्रिशियसने तो कॅराबस वंशात घातला होता. वेबरने १८०१ साली अँथिया वंश मांडला, मग ही जात तिकडे गेली. वंश बदलला की पहिलं नाव देणारा कंसात जातो. कंस गाळला तर अर्थच बदलतो.

डी-४०३: आणि कुळ?

ए-३०२: कॅराबिडी, यावर वाद नाही. त्याखाली मात्र आहे: कुणी अँथियाच्या गोतावळ्याला स्वतंत्र उपकुळ मानतं, कुणी हार्पालिनी उपकुळातला एक गट. कुळ पडताळायचं तर मेलेला सापडल्यावर उलटा करून भिंगाखाली धरा. मागच्या पायांची मुळं पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध तोडतात. शिवाय सहाही पावलांना पाच-पाच पेरं. काळोखी भुंगेरे, म्हणजे दुसऱ्याच कुळातले, असेच काळे, पण त्यांच्या मागच्या पावलांना चारच. इथेच लोक फसतात.

सी-१०४: डबा कुठला घेऊ? डाळीचा चालेल?

ए-३०२: रिकामा असेल तर. नंतर घासून घ्या.