पुण्याची खासदारकी चौदा महिने रिकामी: पोटनिवडणूक न घेणं योग्य होतं का?

कसबेकर:
पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी वारले. पुण्याला पुढचा खासदार मिळाला तो थेट ४ जून २०२४ च्या निकालात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१अ म्हणतं, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. सूट दोनच बाबतींत: मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून 'या काळात घेणं अवघड आहे' असं प्रमाणित केलं असेल. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे पहिली सूट लागूच नाही. राहिलं अवघडपण. मे २०२३ मध्ये जालंधरची लोकसभा पोटनिवडणूक झाली. सप्टेंबरात घोसी, पुथुपल्लीसह विधानसभेच्या सात जागांवर मतदान झालं. मग पुण्यातच काय अवघड होतं? त्यात तेव्हा महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. म्हणजे ना नगरसेवक, ना खासदार. नागरिकाने जायचं कुणाकडे?

हिशेबी:
तळमळ समजते, पण व्यवहार बघा. सप्टेंबरअखेर मतदान झालं असतं तर नव्या खासदाराला हिवाळी अधिवेशन आणि अंतरिम अर्थसंकल्पाचं अधिवेशन, एवढंच मिळालं असतं. त्यासाठी वीस लाखांच्या घरातले मतदार, पुन्हा आचारसंहिता, पुन्हा शिक्षकांना ड्युटी. फेब्रुवारीतच पुण्यातल्या कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक होऊन गेली होती. शिवाय पोटनिवडणूक घ्या या उच्च न्यायालयाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, हेही लिहा की.

कसबेकर:
लिहितो. स्थगिती ८ जानेवारी २०२४ ची, तोवर सहा महिने कधीच उलटले होते. त्याआधी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाची दोन्ही कारणं, इतर निवडणुकांची गडबड आणि अल्प मुदत, फेटाळून तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं होतं. आधी वेळ दवडायचा आणि मग वेळ उरला नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही. 'एवढंच' हिवाळी अधिवेशन म्हणता? भारतीय न्याय संहिता त्याच अधिवेशनात मंजूर झाली. बाजूने असो वा विरोधात, पुण्याचं मतच नव्हतं.

चंद्रपूरकर:
पुण्यासाठी कोर्टापर्यंत गेलात, चांगलं केलंत. आमचे चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला वारले, तेव्हा मुदत वर्षाहून जेमतेम सतरा दिवस जास्त होती. आमच्याकडेही पोटनिवडणूक झाली नाही, आणि त्यावर कुणी बोलतही नाही. २०२४ मध्ये नांदेडचे वसंतराव चव्हाण ऑगस्टअखेर वारले, २० नोव्हेंबरला मतदान. तीन महिन्यांत जमलं ना?

हिशेबी:
जमलं, कारण विधानसभेचं मतदान त्याच दिवशी होतं. केंद्रं तीच, कर्मचारी तेच. शिवाय नांदेडच्या खासदाराला साडेचार वर्षं मिळणार होती. पुण्याची तुलना तिथे लागू होत नाही.

कसबेकर:
मुदत किती उरली तर निवडणूक नको, ती रेघ संसदेने एका वर्षावर ओढून ठेवली आहे. ती अलीकडे सरकवायची असेल तर कायदा बदला. आयोगाने स्वतःच्या सोयीने सरकवू नये.