दिवाळी अंकातली जाहिरात: धंदा की वर्गणी?

दाणाबाजारी: काल इथे एकाने ज्ञान दिलं, 'फ्लेक्स फाटतो, व्हॉट्सॲपवरची जाहिरात तासाभरात वर सरकून जाते, अंक वर्षभर घरात राहतो, म्हणून स्थानिक दुकानदाराने मासिकात जाहिरात द्यावीच.' राहतो ना, माळ्यावर! दुकान जळगावात, अंक पुण्याचा. कोथरूडचा वाचक दोन किलो तूरडाळीसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरणार का? अर्ध्या पानाचे पैसे, वर ५ टक्के जीएसटी, आणि छापलं काय? 'वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'.

रावेरची_केळी: आप्पा, मजकूर तुम्हीच दिला असेल ना? माझ्या काकांचं ठिबकचं दुकान आहे. शेतीमासिकात मृगबागेच्या, म्हणजे जूनमधल्या केळी लागवडीच्या, आधी जाहिरात देतात. शेतकरी पान फाडून खिशात घालून येतो, काउंटरवर उलगडतो, 'हे द्या' म्हणतो.

दाणाबाजारी: शेतीमासिक वेगळं. मी दिवाळी अंकाचं बोलतोय. विषय वाचत जा.

कथाविभाग: १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची परंपरा आहे ही. जाहिराती काढा, मग बघू अंक किती दिवस चालतो ते.

दाणाबाजारी: म्हणजे वर्गणीच! मग पावतीवर तसं लिहा.

यावलचा_भाऊ: ते राहू द्या. एका अंकात 'अस्सल खान्देशी भरीत' अशी पानभर जाहिरात होती आणि फोटो जांभळ्या वांग्याचा! २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आपलं हिरवं-पांढरं वांगं, आणि ह्यांना फोटो मिळेना? आमच्या यावल तालुक्यात, बामणोदला यायचं होतं.

आसोदेकर: बामणोद कशाला? भरताचं वांगं आसोद्याचंच.

यावलचा_भाऊ: काय भो, आसोद्याचं वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलं तरी बिया दाताखाली येतात.

आसोदेकर: तुम्ही गॅसवर भाजत असाल. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुरीसोबत एकदा खा, मग बोला.

कथाविभाग: इथे मराठी अंक मरतायत आणि तुम्हाला वांगी सुचतायत?

यावलचा_भाऊ: तुमच्या अंकांनीच जांभळं वांगं छापलं, साहेब. तुम्ही तर बोलूच नका.

दाणाबाजारी: बरं, शेतीमासिकाचं मानलं. यंदा तिथेच देतो, तूरडाळीची. दुकानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत, शुभेच्छा शून्य. आणि दिवाळी अंकवाला आला की त्याला कथाविभाग यांच्या घरी धाडतो. परंपरा त्यांनीच सांभाळावी, रोखीने.